अण्णांचं वाफेचं इंजिन

३ डिसेंबर
ठरलंसुद्धा! आणि मला न विचारता! जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात इंजिनिअरिंग कॉलेजचं वाफेचं इंजिन चालवून दाखवायचं. कॉलेजचा इतिहास नुसता फोटोंत नको, कानांनी ऐकू आला पाहिजे म्हणे. व्हॉल्व्ह उघडणार आमचे अण्णा — माझे वडील इथंच शिकले, इथंच शिकवून निवृत्त झाले. आणि बॉयलर सुरक्षित आहे म्हणून सही करणार मी, घरचीच प्रोफेसर! आमचा हेड श्रीराम मिश्रा, एकेकाळचा माझा विद्यार्थी, आता मला तारखा सांगतो.

५ डिसेंबर
अण्णांनी काळा कोट इस्त्रीला दिला. अजून दोन आठवडे आहेत! नव्वदीला टेकले, बालाजी घाटाच्या पायऱ्या झेपत नाहीत, पण कालपासून घरभर शीळ घालत फिरताहेत. जेवताना पुन्हा तेच — विद्यार्थी असताना पाळीपाळीनं इंजिनावर ड्यूटी, होस्टेलचे सगळे दिवे त्याच्यावर, आणि दिवा जरा मिणमिणला की खिडक्यांतून पोरं यांच्या नावानं शंख करायची. शंभरदा ऐकलंय. तरी ऐकलं.

९ डिसेंबर
बॉयलर तपासला. तळाचा पत्रा रिव्हेटांपाशी गंजून जाडीला निम्मासुद्धा उरलेला नाही. पुन्हा मोजला, पुन्हा तेच. यात वाफ कोंडली तर शेडमध्ये उभी राहिलेली माणसं, त्यांची नातवंडं — पुढचं लिहवत नाही. सही करणार नाही. श्रीराम म्हणतो, "मैडम, बस दस मिनट, कम प्रेशर पर." फुटायला दहा मिनिटं लागत नाहीत, हे मीच शिकवलं होतं ना याला!

१० डिसेंबर
अण्णांना सांगितलं. वाटलं होतं, समजून घेतील. "भित्री आहेस तू, शरू," म्हणाले. "कागदावरची इंजिनिअर." जेवले नाहीत.

रडू आलं. रागही आला. एका चुकीच्या रीडिंगवरून पोरांना तासभर उभं करणारे हेच ना?

१३ डिसेंबर
माझ्याशी हिंदीत बोलताहेत, बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं! चहा ठेवला की "ठीक है." औषध दिलं की "रख दो." घरातली मराठी माझ्यापुरती बंद.

१५ डिसेंबर
श्रीरामनं तोड काढली. बॉयलर पेटवायचाच नाही. भिंतीआड कॉम्प्रेसर ठेवायचा आणि इंजिन हवेच्या दाबावर फिरवायचं. चाक फिरेल, आवाज होईल, धोका काही नाही. फक्त अण्णांना कळू द्यायचं नाही.

हो म्हटलं. घरी येऊन सांगितलं, बॉयलर दुरुस्त झाला. "म्हटलं नव्हतं तुला!" — लगेच मराठी सुरू. आणि वर माझ्या ताटात स्वतःच्या हातानं लाडू वाढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ डिसेंबर, सकाळ
पाइप! हे सुचलंच नाही! हवेचा पाइप गारच राहणार, त्यात ही थंडी. आणि व्हॉल्व्हला हात घालण्याआधी पाइप वाफेनं तापलाय का ते चाचपायचं, ही अण्णांची जन्माची सवय. त्यांना कळणार. सगळ्यांच्या देखत कळणार, आणि ते काही गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. माझी अब्रू जाईल ती जाऊ दे, त्यांचं काय होईल?

आत्ताच सांगून टाकावं का? कोट घालून दारात उभे आहेत. रिक्षा आली. हाका मारताहेत.

१९ डिसेंबर, संध्याकाळ
पाइपला हात लावला. थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग व्हॉल्व्ह उघडला. चाक फिरलं, टाळ्या झाल्या. कुणीतरी माइक पुढे केला — कैसा लगा, बाबूजी? अण्णा म्हणाले, "हाथ जल गया, बेटा."

घरी आल्यावर तळहात माझ्यापुढे धरला. "जरा तूप लाव, शरू. उद्या श्रीराम बघायला यायचा."

हाताला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. मी तूप लावलं, वर पट्टीही बांधली.