तांबड्यापलीकडचं हळदीकुंकू

प्रताप नगर, जयपूर
रथसप्तमी

प्रिय दादास,

धाकट्या शालिनीचा वाकून नमस्कार. वहिनींनाही सांग. तुझा गुडघा कसा आहे? मिरजेत थंडी पडली की तो आधी तुला कळवतो, असं वहिनी म्हणत होत्या. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. यांना तेवढं आकाशाचं वेड लागलंय, आणि अख्खा जन्म विमा कंपनीत काढूनही त्यावर इलाज देणारी पॉलिसी काही यांना सापडलेली नाही.

आईच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला तिचा एखादा बरा फोटो असेल तर पाठव, असं तू म्हणालास. दादा, मी ट्रंका उपसल्या, कपाटं उपसली, माळ्यावर चढले (खाली उतरताना शेजारच्या भाभीजींना हाक मारावी लागली, ते सोड). आई कुठल्याच फोटोत नाही. तुझ्या मुंजीत ती चुलीपाशी होती. अण्णा गेल्यावर तर फोटोवाला आला की खांबाआड जायची. "तुम्ही उभे राहा, मी आलेच," म्हणायची आणि यायचीच नाही. आधार कार्डावर आहे, पण त्यात आई कुठे आहे? कुणीतरी दरडावल्यासारखी एक बाई आहे नुसती. खरं सांगू? हल्ली कधी कधी डोळे मिटले तरी तिचा चेहरा पुरता उभा राहत नाही, आणि मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही. तर मी शोधाशोधीत बुडालेली असताना घरात यांच्या कॅमेऱ्याचं प्रकरण झालं. ते आधी सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

झालं असं, की यांनी कुठल्याशा व्याख्यानात ताऱ्यांचे पुंज बघितले. म्हणे ताऱ्यांच्या अधेमधे धुळीचे ढग असतात, आणि त्यामागचे तारे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण तांबड्याच्या पलीकडे एक उजेड असतो, अवरक्त म्हणतात त्याला. तो धुळीतून सरळ आरपार येतो. त्या उजेडात बघितलं की धुळीमागे दडलेले तारे मोत्याच्या सराप्रमाणे दिसायला लागतात. शिवाय नवे तारे जन्मतात तेही त्या धुळीतच. (मी या जयपुरात सकाळ-संध्याकाळ धूळ झाडते, एक तारा जन्मलेला बघितला नाही.) घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबून दाखवायचे. डोळ्यांना न दिसणारा दिवा मोबाइलमध्ये लुकलुकतो. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या भैयालाही दाखवला. तो बिचारा "वाह अंकलजी" म्हणून गेला.

मग आपला जुना कॅमेरा राजा पार्कातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन त्याच्या आतली अवरक्त उजेड अडवणारी काच काढून घेतली आणि वर एक काळीकुट्ट काच बसवून आणली. तिच्यातून साधा उजेड शिरतच नाही. दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं, की साहेब, आता याने लग्नाबिग्नाचे फोटो काढू नका. हे म्हणाले, आमच्याकडे लग्नाचं आहे कोण! संक्रांतीच्या संध्याकाळी गच्चीवरून यांनी एक नवाच तारकापुंज टिपला. मला बोलावून दाखवला, कौतुकाने आवाज भरून आला होता. तो पुंज हळूहळू डावीकडे सरकला आणि त्यातला एक तारा समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीवर येऊन विझला. इथे संक्रांतीला दिवसभर पतंग आणि अंधार पडला की कागदी कंदील सोडतात, हे यांना इतकी वर्षं राहूनही आठवलं नाही.

इथवर ठीक होतं. पण पुढच्या रविवारी इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. आपल्या रिवाजाप्रमाणे आम्ही झाडून सगळ्या काळ्या साड्यांत. नेहमी फोटो काढणारा परेश गावाला गेलेला, म्हणून यांना गळ घातली. मोबाइलवरचा फोटो यांना फोटो वाटत नाही, आणि घरात कॅमेरा तोच एक. उजेड तो उजेड, असं म्हणून यांनी बागेत भर उन्हात आमचा फोटो काढला आणि स्वतः न बघताच मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

दादा, काय सांगू! त्या तांबड्यापलीकडच्या उजेडात काळा रंग काळा राहतच नाही म्हणे, आणि कुंकू तर कातडीत विरूनच जातं. संक्रांतीच्या हळदीकुंकवात झाडून सगळ्या सवाष्णी पांढऱ्याफटक साड्यांत आणि कोऱ्या कपाळाने उभ्या! मागची झाडंसुद्धा बर्फ पडल्यासारखी पांढरी. ग्रुपवर जो गहजब झाला तो विचारू नकोस. कुणाच्या यजमानांचा दुसऱ्याच दिवशी विमानप्रवास होता, त्यांनी तिकीट रद्द केलं. अध्यक्षीणबाईंनी शांत करावी लागेल असं सुचवलं. हे प्रत्येकीला फोन करून अवरक्त किरण समजावत बसले, त्याने आणखीच बिघडलं.

फक्त आक्काबाई काही बोलल्या नाहीत. मंडळातल्या सगळ्यांत वडील त्या, ऐन तारुण्यात यजमान गेलेले. हळदीकुंकवाला येतात, पण कोपऱ्यातली खुर्ची धरून बसतात, फोटोत म्हणून यायच्या नाहीत. या वेळी आयटीतल्या ईश्वरीने (पोर नवीन आहे, तिला हे काही ठाऊक नाही) हात धरून त्यांना मधोमध उभं केलं होतं. मी माफी मागायला त्यांच्याकडे गेले, तर फोटो उघडून बसलेल्या. म्हणाल्या, "शालिनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सगळ्यांसारखी दिसतेय गं. हा पुसू नकोस."

मला तिथेच रडू आलं. त्या मला पाणी द्यायला उठल्या, आणि मला आपली आई खांबाआड जाताना दिसली. आपण कुणी तिचा हात का नाही रे धरला?

असो. आता तुझं काम. आईचा फोटो मिळाला. सोबत पाठवते आहे. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, हसू दाबताना ओठाचा डावा कोपरा मुडपायची तस्सा मुडपलेला. मोठा करून घे, छान येईल. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझी,
शालिनी

ता. क. : फ्रेमवाल्याकडे जाण्याआधी सांगितलेलं बरं. फोटो आईचा नाही, माझा आहे. त्याच हळदीकुंकवातून कापून घेतलाय. माझी नवी काळी साडी कितपत पांढरी झाली ते बघायला मोठा केला, आणि आई समोर आली. तेव्हापासून रोज चहा घेताना तिच्याशी बोलते. हे म्हणतात, हा धुळीपलीकडचा प्रकार आहे. मी या वेळी वाद घातला नाही.

आणखी ता. क. : त्यामुळे लावायचा तर लाव, पण हार घालू नकोस, मी अजून आहे. त्यापेक्षा असं कर, उन्हाळा लागायच्या आत इकडे ये. माझ्यात आई निघाली, तसे तुझ्यात अण्णा निघतात का, ते मला एकदा बघायचंय. कॅमेऱ्याचं काही काम नाही. नुसता ये.