धूळ ठरवलेली रेषा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की अजून तुमच्यावर रागावले आहे असं म्हटलं तर लोक माझ्याकडेच विचित्र बघतील. रत्नागिरीत तुमचं नाव निघालं की माणसं हात जोडतात. मीही जोडते, सवयीने.

ऐंशीच्या दशकातली ती दोन वर्षं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तांब्याच्या एका क्षाराचे हिरवे स्फटिक वाढवते आहे. बशीवर फडकं बांधलेलं, कारण खिडकीतून जांभ्या दगडाची तांबडी धूळ येते आणि त्या धुळीतलं लोखंड मोजमाप बिघडवतं. तांदळाच्या दाण्याएवढा स्फटिक झाला की कापसात गुंडाळून कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीत घालायचा आणि पहाटेच्या एसटीने मुंबई गाठायची. तिथे तुमच्या मित्राच्या संस्थेत इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सचं यंत्र होतं, अणूंमधल्या इवल्या चुंबकांची चाहूल कागदावर रेषेने उमटवणारं. या क्षारात तांब्याचे अणू जोडीजोडीने असतात. जोडीतली दोन चुंबकं उलट तोंडं करून बसली की यंत्राला काही ऐकू येत नाही. ऊब मिळून एखादी जोडी उठली, तर तेवढीच बोलते. हे तुम्हीच मला शिकवलंत, इतकं छान, की मी त्यावर पीएच.डी. करायची ठरवली.

एकदा तुम्हीही सोबत होतात, त्या दिवशी यंत्राच्या कागदावर मोठ्या रेषेशेजारी एक बारकी रेषा उमटली. द्रव नायट्रोजन ओतून नमुना गार केला, तशी ती खाली बसत गेली. मी जवळजवळ ओरडलेच, "सर, मळाची रेषा असती तर गारठ्यात वाढली असती! ही उठलेल्या जोड्यांची आहे." तुम्ही शांतपणे चष्मा पुसलात. "अगो, जांभ्याची धूळ हो ती. आधी बशी नीट धू, मग अक्कल पाजळ." तुमचे मित्र हसले. मीही हसले, कानशिलं तापलेली असताना.

पुढचे सहा महिने मी धूत बसले. प्रयोगशाळेत धूळ म्हणून तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याचा कोपरा दिलात, आणि मला ती मायाच वाटली. काकू फोडणी देता देता म्हणायच्या, "हात बघ गो कसे सोलवटले तुझे. पुरे कर हो आता." दर वेळी नवा स्फटिक, दर वेळी तीच रेषा. आपल्याला स्वच्छ काम जमत नाही, असं मनाने घेतलं. मी पीएच.डी. सोडली आणि लांज्याच्या शाळेत नोकरी धरली. "योग्य केलंस," म्हणालात आणि एक शाईचं पेन भेट दिलंत.

वर्षभराने प्रयोगशाळेच्या किल्ल्या परत द्यायला आले, तेव्हा तुम्ही तासावर होतात. टेबलावर परदेशी नियतकालिकाकडून आलेलं, एकाच निबंधाच्या छापील प्रतींचं पुडकं उघडं होतं. त्यातली आकृती मी शाईने काढलेली. खाली लिहिलेलं, की ही रेषा थंडीत क्षीण होते, म्हणजे ती अशुद्धीची नव्हे. नावं दोन, तुमचं आणि मित्राचं. आभारातही मी नव्हते. निबंध पाठवल्याची तारीख पाहिली. त्या महिन्यात मी तुमच्या ओट्यावर बशा घासत होते, सर. तुम्ही बाजूला चहा पीत होतात आणि तुम्हाला माहीत होतं.

नाव घेतलंत, त्याचं एक वेळ सोसलं असतं. पण माझे डोळे खोटे ठरवलेत, आणि मी ते मान्य केलं. किल्ल्या ठेवून निघून आले. पुढे तुम्ही आमच्या शाळेत पाहुणे म्हणून आलात, तेव्हा वाकून नमस्कारही केला.

हे पत्र कुणाच्या पत्त्यावर टाकणार? कपाटातच राहील. मग एक कबूल करून टाकते. तो निबंध वाचताना आधी राग आलाच नाही. आधी आनंद झाला, मी बरोबर होते म्हणून. आणि तो धावत जाऊन सांगावासा वाटला तो तुम्हालाच. वर्गाच्या दारापर्यंत गेलेही होते.