वरचे पुढचे सहा दात

सोमवार, ९ सप्टेंबर

प्रिय तिळू,

कशी आहेस? वहिनीच्या पायाचं प्लास्टर निघालं का? इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत चांगली आहे. गेल्या महिन्यात मी तिला नवी कवळी करून दिली. दात गेल्यापासून तिचे ओठ आत ओढले गेले होते आणि ती काय म्हणते ते मला वाचताच येईना. ती चहा मागायची आणि मी दार लावून यायची. आता ओठ जागेवर आलेत. तेव्हापासून टोमणेसुद्धा स्वच्छ दिसतात.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. गेले तीन महिने तू व्हिडिओ कॉल लावतेस आणि मी काहीतरी कारण काढते. उजेड कमी आहे, हात मेणाने भरलेत, चार्जिंग संपलंय. खरं कारण असं की आपल्या खुणांच्या भाषेत तोंड लपवून बोलता येत नाही. हात एक सांगायला लागले आणि चेहरा दुसरं, की शाळेत बाई चेहऱ्यावर विश्वास ठेवायच्या. तूही तेच करतेस. कागदाला चेहरा नसतो, म्हणून कागद घेतला.

आधी आमच्या दातांच्या लॅबची बातमी सांगते. तुझ्या जागी जो माणूस घेतला त्याला आता तीन महिने होतील. ‘तुझ्या जागी’ असं लिहून गेले. राहू दे, तेच बरोबर आहे. मी मनातल्या मनात त्याला ‘हॅलो’ म्हणते, कारण त्याच्या ओठांवर दिवसभर तोच शब्द असतो. माणूस वाईट नाही. चहा आणला तर सगळ्यांना आणतो, मला काही सांगायचं तर समोर येऊन सांगतो. त्याला घेतला तो फोनसाठी. आमच्याकडे फोन वाजला की भिंतीवरचा पिवळा दिवा लागतो, तो मालकांनी माझ्यासाठी बसवला होता. एक आठवडा मी दिवा मोजला. दिवसाला चार वेळा, फार तर पाच. बाकी सगळे दवाखाने निरोप मोबाइलवर लिहूनच पाठवतात. त्या चार ‘हॅलों’साठी एक माणूस, आणि उरलेल्या वेळात तो कवळ्या करतो. त्या मग मी दुरुस्त करते.

दोन आठवड्यांपूर्वी एक मी दुरुस्त करू शकले नाही, कारण मी आईला घेऊन दवाखान्यात गेले होते. ती कवळी तशीच गेली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई ती हातात घेऊन लॅबमध्ये आल्या. कवळी एका निवृत्त शिक्षकांची होती. ती लावून ते बोलले की शिट्टी वाजते म्हणे, आणि नातवंडं मुद्दाम त्यांना ‘सशाची गोष्ट’ सांगायला लावतात. डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. त्या नेहमी माझ्याकडे तोंड करून बोलतात, म्हणून मला सगळं कळलं. मालक मान खाली घालून ऐकत होते.

तेवढ्यात बाईंचं लक्ष वरच्या फळीकडे गेलं. तिथे प्लास्टरच्या साच्यावर मेणात बसवलेले वरचे पुढचे सहा दात होते. त्यांनी ते उचलले, खिडकीशी नेले, फिरवून फिरवून पाहिले. सुळ्याला दिलेला तो जरासा तिरपेपणा पाहिला. म्हणाल्या, “हे कोणाचं काम? मला असं हवं. मुद्दाम बसवलेले वाटतच नाहीत, उगवलेले वाटतात.”

मालकांनी माझ्याकडे बोट केलं. “हिचंच असणार. असं दुसरं कोण करणार इथे?”

आणि मी मानेनेच हो म्हटलं.

ते दात तुझे होते, तिळू. जून महिन्यात तू दादाबरोबर या नोकरीची परीक्षा द्यायला आलीस तेव्हा तू माझ्याच टेबलाशी बसून बसवलेले. मी समोर उभी राहून पाहत होते. दोन वर्षांच्या कोर्समध्येही मी तशीच पाहत राहायची. मोठे सर तुझा साचा सगळ्या वर्गात फिरवायचे आणि माझा माझ्याकडे परत द्यायचे. मला त्याचा राग यायचा नाही असं मी तुला नेहमी सांगितलं. यायचा. थोडा.

आता जे सांगायचं ते सांगते, नाहीतर हेही पत्र टेबलाच्या खणात जाईल. याआधीची दोन गेली.

तुला लॅबचं पत्र आलं, ‘जागा भरली आहे.’ तू मला विचारलंस, नक्की काय झालं. मी सांगितलं की मला काहीच माहीत नाही, कुणी ओळखीचा आला असेल. हे खोटं होतं. परीक्षेच्या दिवशी तू बसस्टँडकडे निघालीस आणि मालकांनी मला बोलावलं. आम्ही वहीत लिहून बोलतो हे तुला माहीत आहे. त्यांनी लिहिलं, ‘काम उत्तम आहे. पण दोघी ऐकू न येणाऱ्या झाल्या तर फोन कोण घेणार? आणि तुम्ही खुणा करणार, बाकीच्यांना वाटणार त्यांच्याबद्दलच चाललंय. एक असली की ठीक असतं. तू तिला ओळखतेस. तुझं काय मत?’

मी लिहिलं, ‘काम चांगलं आहे पण ती हळू आहे.’

कोणी माझा हात धरला नव्हता. त्यांनी घाईही केली नाही. लिहून झाल्यावर मी पेनाला टोपण लावलं, तेही आठवतं.

का लिहिलं, ते मी बरेच दिवस स्वतःला वेगवेगळं सांगितलं. तुला रोज बसने दीड तास यावं लागलं असतं. तुझ्या घरी कामं असतात. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही कारण नव्हतं. कारण ‘एक असली की ठीक असतं’ हे होतं. ते वाचलं आणि मला वाटलं, एकच राहणार असेल तर ती तू असशील. तुझे दात पाहिल्यावर माझे कोण पाहणार?

ही जागा मला कशी मिळाली ते तुला ठाऊक आहे. औषधांच्या दुकानात म्हणाले, गिऱ्हाईक हाक मारेल. बेकरीत म्हणाले, भट्टीजवळ धोका आहे. पॅकिंगच्या कारखान्यात तर मी जायच्या आधीच माझी बातमी पोचली होती. फाटकावरच्या माणसाने मला पाहिलं, कानाला हात लावला आणि मान हलवली. लहान गावात आपल्याला कोणी विचारत नाही, सगळ्यांना आधीच माहीत असतं. चार वर्षांनी या मालकांनी दार उघडलं. अकरा वर्षं मी त्या दारात पाय अडकवून उभी आहे. तू आलीस तेव्हा मला असं दिसलं की तू आत यायची तर मला पाय काढावा लागेल. दार अजून थोडं ढकलावं हे सुचलंच नाही. चार वर्षं माझ्याशी जे झालं तेच मी तुझ्याशी केलं. वर, त्या लोकांना माझं काम माहीत नव्हतं. मला तुझं माहीत होतं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर त्या दिवशी मी काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून माप आलं, सोबत चिठ्ठी: ‘फळीवर होते तसे.’ मी बसले. चार वेळा मेण काढलं. माझे दात सरळ येतात, नीट येतात, शिट्टी वाजत नाही. उगवलेले वाटत नाहीत, बसवलेलेच वाटतात.

मग मी वही घेऊन मालकांकडे गेले. लिहिलं, ‘फळीवरचं काम माझं नाही. जूनमध्ये परीक्षेला आली होती तिचं आहे. ती हळू नाही. मी खोटं लिहिलं होतं.’

त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला. मग लिहायचं सोडून तोंडानेच म्हणाले, “का?”

मी वहीतलं जूनचं पान काढून त्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘एक असली की ठीक असतं.’

त्यांचे कान लाल झाले. रागाने की कशाने, मला कळलं नाही. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, गेली नोकरी. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, “गेली तर गेली. पण त्या पोरीला सांगितलंस का?” नव्या कवळीमुळे तेही अगदी स्पष्ट दिसलं.

शुक्रवारी मालकांनी वहीत लिहिलं, ‘तिला बोलाव. एक महिना काम बघू. फोनवाला राहील. पण गिऱ्हाइकांसमोर खुणा करायच्या नाहीत.’

मी लिहिलं, ‘खुणा करणार. ती आमची बोली आहे. तुम्ही दोघं दिवसभर गप्पा मारता, मी कधी म्हणते का माझ्याबद्दल बोलताय?’

ते म्हणाले, “म्हणू शकतेस की.” 

मी लिहिलं, ‘मग आता म्हणते.’

हॅलो मागून वाचत होता. तो हसला. मालक हसले नाहीत, पण त्यांनी ‘खुणा करायच्या नाहीत’ ही आपली ओळ स्वतः खोडली. महिनाभर बघू, हे तसंच ठेवलं. मी लिहिलं, परीक्षा तर तिने दिलीच आहे. ते म्हणाले, “सगळं एका दिवसात मागू नकोस.” तर आज गोष्ट इथवर आहे. मालक देवमाणूस नाहीत, वाईटही नाहीत. त्यांना डॉक्टरीणबाईंचं काम हातचं घालवायचं नाही, हेही आहेच. हे सगळं कळूनच तू काय ते ठरव.

मी तुला ‘ये’ म्हणणार नाही. म्हणायचं तोंड मला नाही. यायचं असेल तर मला न कळवता सरळ मालकांना लिही, त्यांचा नंबर पाकिटावर मागे आहे. आलीस तर खिडकीजवळचं टेबल तुझं. मी माझं सामान आतल्या टेबलावर हलवलं आहे. यात उपकार काही नाही. तिथे उजेड चांगला येतो, आणि चांगल्या हाताला चांगला उजेड लागतो. माझ्याशी बोलली नाहीस तरी काम अडणार नाही. प्लास्टर कुठे, मेण कुठे, सगळ्या डब्यांवर नावं लिहून ठेवली आहेत.

आणि आली नाहीस, तर निदान हे तुला माहीत असू दे की तुझ्या कामात काही कमी नव्हतं. तीन महिने तू विचारत होतीस, ‘माझं काय चुकलं?’ तुझं काही चुकलं नाही.

शेवटी ‘तुझी मैत्रीण’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते लिहायचं की नाही हे आता तू सांगायचं. मी जे कोणाला खोडता येणार नाही तेवढंच लिहिते.

शाळेत नऊ वर्षं तुझ्या शेजारी बसलेली,
वेणी