काळ्या गोट्या घासू नकोस

आई,

आप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी नट खोलायच्या हवेच्या गनला मी चकचकीत गोटी, नटावर बसणारी ती पान्याची वाटी, लावली, तर केवढे ओरडले! "अगं पोरी, ती हातपान्याची! गनच्या दणक्यानं फुटंल, तुकडा डोळ्यात जाईल. काळी घे, ती सोसती."

तू स्वयंपाकघरातून हसलीस, "मास्तरीणबाईला काय शिकवून राहिलात?"

काळ्या गोट्या मळलेल्या नाहीत, तशाच असतात. राखेनं घासू नकोस. तुझी बोटं सोलली आहेत. आज हणमंतकाका आप्पांची अवजारं विकत न्यायला येतील, त्यांना नाही म्हण. मी नांदेडला, कॉलेजात राजीनामा द्यायला चालले आहे.

निघताना रिकाम्या गॅरेजात मोठ्यानं म्हटलं, "आप्पा, मला कॉलेजात शिकवायचं नव्हतंच. तुमच्या हाताखाली शिकायचं होतं."

सुकन्या