चर्चमागची घळ

मंगळवार, १३ मे

प्रिय कर्टिस,

तुझं पाकीट गुरुवारी मिळालं. आम्ही बरे आहोत. डेलची पाठ धरली आहे, पण मका पेरून झाला. लायलॅक फुलले. नदी यंदा फार चढली नाही, त्यामुळे बंधाऱ्याजवळ लोक गळ टाकून उभे असतात.

आत तुमची पर्यटनाची पुस्तिका होती, ती शनिवारी संध्याकाळी पाहिली. छपाई सुंदर आहे. डब्यूकच्या आसपास मोकळ्या हवेत करण्यासारखं इतकं काही आहे, हे इथे जन्म काढूनही ध्यानात आलं नव्हतं. हिवाळ्यात बंधाऱ्यावर गरुड बघायचे, जुन्या रेल्वेमार्गावर सायकली चालवायच्या, कड्यावरून नदी पाहायची, शेतात जाऊन आपल्या हाताने स्ट्रॉबेरी तोडायच्या. आपण याला कधी करमणूक म्हटलं नाही. गरुड असायचे, आणि आपण त्यांच्याखालून कामाला जायचो. तुला ही नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले होते, "नदी कुठे आहे हे सांगायचा पगार देतात?" आणि मग आठवडाभर भेटेल त्याला सांगत फिरले होते.

पान नऊवर तुझा फोटो चांगला आला आहे. केस कमी झालेत.

त्याच दिवशी सकाळी बाबांना घेऊन घळीत गेले होते. ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली, म्हणजे अळंबी आली, असं डेलने सांगितलं होतं. बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी डहाळी आणायला लावली आणि पान बोटांनी चाचपून पाहिलं. डोळ्यांचं तुला माहीत आहे. कडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. पत्ते गेले, गाडी गेली, टपाल मी वाचून दाखवते. पण घळीत त्यांना डोळे लागत नाहीत. कुठला एल्म कधी वाळला, कुणाची साल सुटायला लागली, कुणाच्या कुठल्या बाजूला अळंबी येते, सगळं हातांना पाठ. मागच्या मे महिन्यात गुडघ्यांवर बसून, पाल्यात हात घालून त्यांनी जाळीची पिशवी अर्धी भरली. मला जेमतेम चार सापडली. मला म्हणाले, "डोळे तपासून घे, मार्लिस."

नेहमीसारखी गाडी चर्चपाशी नेली. आधी आईच्या थडग्यावर लायलॅक, मग कुंपणाच्या कडेने मागे. जंगल सरकारी, कुणीही जावं. म्हणून तर गाडी तिथे लावायची, बघणाऱ्याला वाटावं की म्हातारा बायकोला भेटायला आला आहे. आई होती तेव्हा ते आजीला भेटायला यायचे.

आवारात इतक्या गाड्या होत्या की मला वाटलं, आत लग्न आहे. बाबांना इंजिनांचे आवाज ऐकू आले. त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

कुणी गेलं नव्हतं. "चर्चच्या आवारात गाडी लावता येते," हे पान नऊवर, अळंबीच्या मजकुरात, तूच लिहिलं आहेस.

घळीत सगळीकडे पाला उपसलेला. एक मुलगी, हातात प्लास्टिकची पिशवी, हसून म्हणाली, "उशीर केलात, आजोबा! इथलं सगळं निघालं."

बाबांनी जाळीची पिशवी खिशात कोंबली. "आम्ही पाय मोकळे करायला आलो," म्हणाले. "झाडं छान आहेत इथली."

जंगलात अनोळखी माणसाला कुणी काही विचारत नाही, तसं त्यांनीही विचारलं नाही. ती माणसं लांब गेल्यावर ते गंजलेल्या दाताळ्याजवळच्या मोठ्या एल्मपाशी गेले आणि गुडघे टेकले. मी थांबवलं नाही. बराच वेळ चाचपत होते. हाताला नुसती कापलेली बुडखी लागत होती. "चाकू चांगला होता कुणाचा तरी," म्हणाले.

घरचं फाटक आलं. मग म्हणाले, "डेलला सांगितलंस."

"नाही, बाबा."

"नवऱ्यालाच सांगितलंस ना?"

डेलने लग्न झालं त्याच वर्षी मला बजावलं होतं, "मला सांगू नकोस, मी झोपेत बोलतो." इतकी वर्षं तो लोण्यात परतलेली अळंबी खातो आणि विचारत नाही. बारमध्ये लोक बाबांना विचारायचे, कुठे सापडली? झाडाखाली. कुठल्या? उभ्या. आणि तू अठरा वर्षांचा होईपर्यंत तुला डोळ्यांना रुमाल बांधून नेत होते. रुमाल मी बांधायचे. तू सैल बांध म्हणायचास.

जागा तिघांना माहीत होती, कर्टिस.

मी शनिवारी तुझं नाव घेतलं नाही. फोटोखाली तू लिहिलं आहेस, "माझ्या वडिलांनी दाखवलेली जागा." तुला वाटलं असेल, आपण त्यांचा मान करतो आहोत. तू शहरात राहतोस, तिथे जागा दाखवणं हा मान असेल. रविवारी फोनवर आपणहून सांगशील, ते चिडतील, शिव्या देतील, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तुझ्या फोनची वाट बघतील, असं मी धरून चालले होते.

रविवारी मी भांडी धूत होते. हिवाळ्यापासून बाबांना फोनची बटणं सापडत नाहीत, म्हणून मीच तुझा फोन उचलून टेबलावर ठेवते आणि आवाज मोठा करते. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

"कर्टिस," बाबा म्हणाले, "घळीचं कुणाकडे बोललास का रे?"

तू हसलास. "मी? मला तर तिथला रस्ताही धड आठवत नाही, बाबा. मार्लिसकडे माणसं येत-जात असतात. तिला विचारा."

"मीही तेच म्हणत होतो," बाबा म्हणाले.

मग तू त्यांना बेसबॉलचा निकाल सांगितलास.

ते आता ताट खोलीत मागतात. काल मी टपाल घेऊन बसले तर म्हणाले, "राहू दे. तू वाचलंस की गावाला कळतं." पुढच्या मे महिन्यात आईला लायलॅक तू एकटीच नेऊन ठेव, असंही म्हणाले. ते येणार नाहीत.

पुस्तिका स्वयंपाकघरात पडली आहे. पान नऊ वाचून दाखवायला मला किती वेळ लागणार? पण रविवारी तुझ्या फोनच्या आधी ते अजून दाढी करतात. चाचपत करतात, कापून घेतात, पण करतात. त्यांच्याकडे आता तेवढंच उरलं आहे, आणि ते मी काढून घेणार नाही. मी वाचणार नाही.

या रविवारी मी फोन उचलून टेबलावर ठेवीन. भांडी धुणार नाही. बाबांच्या समोर बसेन आणि तू काय बोलतोस ते ऐकेन.

पत्राखाली मी नेहमी 'तुझी ताई' लिहिते. या खेपेस जागा रिकामी ठेवते आहे.

मार्लिस