या प्रकरणापुरता

सर, तुम्ही जिंकलेल्या निकालानंच मला हरवलं, हे सांगायचं राहिलं होतं. तुम्ही गेलात तेव्हा सदाशिव पेठेतल्या आपल्या ऑफिसात कॉम्प्युटर नव्हता. तुमच्या मते तो टायपिस्टच्या नोकरीवर उठलेला टीव्ही होता. आता दोन शब्द टाकले की देशभरचे निकाल अंगावर येतात. तुमचा तेवढा येत नाही.

लोणी काळभोरच्या आजींचं अपील. भावानं त्यांना, विधवा बहिणीला, दोन खोल्या दिल्या, तोंडी. भाऊ गेला आणि भाचे तिला बाहेर काढायला निघाले. हायकोर्टात तुम्ही उभे आहात, मी, तुमची ज्युनिअर, मागे पुस्तकांची चळत सांभाळते आहे. न्यायमूर्ती चष्मा काढतात. "वकीलसाहेब, बाईंना हयातभर राहू देतो. पण निकाल या प्रकरणापुरता. छापायचा नाही, दाखला म्हणून वापरायचा नाही. चालेल?" आणि एका स्वल्पविरामासाठी टायपिस्टशी अबोला धरणारे तुम्ही लगेच म्हणता, "चालेल, मायलॉर्ड."

परतीच्या एसटीत मी फुरंगटून बसले होते. "सर, छापला असता तर सगळ्यांनाच उपयोग झाला असता." तुम्ही डब्यातली पोळीची गुंडाळी माझ्या हातावर ठेवलीत. "आजी घरात राहणार आहेत की पुस्तकात? खा."

मग पुण्यात आयटी आलं. धायरीच्या ज्या शेतांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिथं 'निसर्गाच्या सान्निध्यात' राहायला लोक रांगा लावू लागले. निसर्ग अर्थात स्विमिंग पूलसकट. तिथल्या एक आत्याबाई माझ्याकडे आल्या. तसाच भाऊ, तशाच दोन खोल्या, तसेच भाचे. फक्त भाच्यांच्या मागे आता बिल्डर. ती अट ठाऊक असूनही तुमच्या निकालाची नक्कल दाखवून मी त्यांना धीर दिला आणि हायकोर्टात उभी राहिले. समोरचा पोरगेला वकील लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "कुठेच रिपोर्टेड नाही, मायलॉर्ड." न्यायमूर्तींनी तो वाचला. शेवटपर्यंत वाचला, आणि शेवटीच तर ती ओळ. "मॅडम, लिहिणाऱ्यांनीच वापरू नका म्हटलंय. मी काय करू?"

बाहेर आत्याबाई. "त्या बाईला दिलं, मंग मला का न्हाई? ती बी आत्याच हाय न्हवं?" मी पाण्याची बाटली पुढे केली.

खरी गंमत पुढेच. माझा निकाल छापला. जाडजूड खंडात, पाठीवर सोनेरी अक्षरं. कुठल्याही आत्याला बाहेर काढायचं असलं की हल्ली तो उघडतात. बातमी आत्याबाईंपर्यंतही पोचली. लेकीच्या खोलीवरून फोन आला, "वकीलबाई, आपलं पुस्तकात आलं म्हनं! म्हंजी खोल्या परत मिळत्याल?" मी "बघते" म्हणाले. सर, बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

मनातल्या मनात मी तुमच्याशी भांडायला बसते. अडून का नाही राहिलात? मग लोणीच्या आजी दिसतात, आपल्या उंबऱ्यावर लसूण सोलणाऱ्या. वारल्याही त्याच खोलीत. तुमच्या जागी मीही "चालेल"च म्हटलं असतं. त्यामुळे भांडणही धड होत नाही.

तुम्ही हयात असतात तरी हे पत्र टाकलं नसतं. तो खंड आला तेव्हा मी आधी निकाल वाचला नाही. कोणातर्फे कोण वकील, त्या ओळीत माझं नाव शोधलं. बरोबर छापलं होतं. बरं वाटलं, सर.