युरोपच्या गटातली तिसरी खुर्ची

नवी पेठ, सोलापूर
२२ नोव्हेंबर १९३४

ती. सौ. मालतीताई,

प्रभाचा नमस्कार घे. नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून केला आहे असे समज, कारण पत्र लांब आहे आणि ते तू मधेच टाकून देऊ नयेस अशी इच्छा आहे. बेळगावची हवा तुला मानवली असेल, भाऊजींचा थंडीतला खोकला या वर्षी वाट चुकला असेल, आणि सासूबाई आता तुझ्या हातची भाकरी नावे न ठेवता खात असतील अशी आशा करते. इकडे बाबा बरे आहेत. मामीचे गुडघे होते तसेच आहेत. मामा, म्हणजे तुझे वडील, अंथरुणावर आहेत. त्यांना ताप नाही, खोकला नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. पण दिवाळीपासून ते उठलेले नाहीत आणि आपण आता उठणार नाही असे त्यांनी जाहीर केले आहे. ('जाहीर' हा शब्द त्यांचाच.) कारण विचारशील तर बेल्जमचे राजे कड्यावरून पडले, हे होय. मी क्रमाने सांगते.

तुला माहीत आहे की पेन्शन घेतल्यापासून मामांना शिकवायला वर्ग उरला नव्हता, म्हणून त्यांनी शुक्रवार पेठ शिकवायला घेतली. या वर्षी विषय होता 'युरोप : चालू वर्ष आणि त्याचे सूत्रधार'. (आपल्या सूत्रधारांवर बोलले असते तर मार्शल लॉच्या वर्षी ज्या कारणाने अर्धी पेठ आत गेली त्याच कारणाने गेले असते. युरोपविषयी बोलण्यास कोणाची हरकत नाही.) व्याख्यानासाठी त्यांना सर्व सत्ताधीशांचा एक ग्रुप फोटो हवा होता, आणि तोही शाळेच्या निरोपसमारंभासारखा : मधे खुर्च्या, मागे उभी रांग, पुढे सतरंजीवर मॉनिटर. ही मंडळी आजवर अशी कधी एकत्र बसलेली नाहीत, हे मी निदर्शनास आणले. मामा म्हणाले, "म्हणूनच तर त्यांचं बिघडलंय. तू बसव."

म्हणून जानेवारीत मी आमच्या स्टुडिओत, ताडाच्या झाडांच्या पडद्यापुढे, सात खुर्च्या मांडल्या आणि त्यांचा रिकामाच फोटो घेतला. पद्धत हीच आहे : आधी जागा, मग माणसे. बाबांना ते आवडले नाही. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी रिकाम्या खुर्चीवर फोटोची काच खर्च केलेली नाही. "रिकाम्या खुर्चीचा फोटो काढू नये गं. कोणीतरी येऊन बसतं," असे ते म्हणाले. मी म्हटले, बरेच झाले, आपल्याला सातजण हवेच आहेत. हा विनोद मी केला होता. त्या वेळी तो चांगला वाटला होता.

नंतर इंग्रजी सचित्र साप्ताहिकांतून एकेकाला कापून काढले, कडा मागून घासून पातळ केल्या, आणि मागच्या बोळातल्या सावित्रम्माकडच्या, म्हणजे सुताला लावायच्या, खळीने चिकटवले. (बाजारातल्या डिंकापेक्षा ती सपाट बसते. हे पुण्यात शिकवत नाहीत.) काही अडचणी आल्या. ऑस्ट्रियाचे चान्सलर फार ठेंगणे आणि छायाचित्रात कमरेपर्यंतच, तेव्हा त्यांना सतरंजीवर बसवून मॅट्रिकच्या एका जुन्या ग्रुपमधले मांडी घातलेले पाय दिले. जर्मनीचे वृद्ध अध्यक्ष खुर्चीत, त्यांचे चान्सलर त्यांच्यामागे उभे. उभ्या रांगेतल्या कोणालाच कमरेखाली काही नव्हते. खुर्च्या ते झाकतात. बेल्जमचे राजे डावीकडून तिसऱ्या खुर्चीत, उजवा हात खुर्चीच्या हातावर. तो हात वेगळा कापून चिकटवावा लागला. शेजारी चौथ्या खुर्चीत युगोस्लाव्हियाचे राजे. सर्वांवर सारखा उजेड रंगवून पुन्हा फोटो घेतला तेव्हा जोड कोठेही दिसत नव्हता. एकच दोष होता, तो काढता येण्याजोगा नव्हता. प्रत्येकजण आपल्या मूळ फोटोत दुसऱ्याच कोणाकडे तरी पाहत होता. त्यामुळे तो ग्रुप काचेच्या चौकटीत घालून मामांच्या बैठकीत टांगल्यापासून तेथे तू कोठेही उभी राहिलीस तरी त्यांच्यातला एकजण तुझ्याकडे पाहतो. मामीने पहिल्या दिवसापासून त्या भिंतीकडे पाठ करून निवडटिपण केले.

फेब्रुवारीत बेल्जमचे राजे डोंगर चढताना पडून वारले. मामांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले, आणि मामीने, जशी ती घरातल्या सर्व गेलेल्यांच्या तसबिरींना लावते तसे, तेलात बोट बुडवून काचेवरून राजांच्या कपाळी कुंकू लावले. मग मला निरोप आला की जिवंत आणि मेलेली माणसे एका चौकटीत नकोत, राजांना काढ. हा नियम तुझ्या आईचा आहे, तेव्हा त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मी त्यांना उचलून काढले आणि त्या जागी फ्रान्सचे नुकतेच नेमलेले परराष्ट्रमंत्री बसवले. दाढी चांगली, मान योग्य बाजूस वळलेली. नवी प्रत जुन्याच चौकटीत घातली. काचेची आतली बाजू स्पिरिटने पुसली. (आतली बाजू आमची, बाहेरची घरच्यांची, असा धंद्यातला रिवाज आहे. हे लक्षात ठेव.)

जुलैत ऑस्ट्रियाच्या चान्सलरांना त्यांच्याच कचेरीत गोळ्या घातल्या. मामीने कुंकू लावले, मी त्यांना काढले. काढताना पाय सुटले नाहीत. ते सतरंजीवर तसेच राहिले, त्यांच्यावर मी फुलदाणी रंगवली. लगोलग जर्मनीचे अध्यक्ष म्हातारपणाने गेले आणि मागे उभ्या असलेल्या चान्सलरांनी त्यांचे पदही आपल्याकडे घेतले. मामा म्हणाले, "त्यालाच पुढं ओढ." ओढून पाहिले, तर आधी सांगितल्याप्रमाणे त्यांना पाय नव्हते. त्यांना परत मागे ठेवून खुर्चीवर शाल टाकली. एव्हाना मामांच्या व्याख्यानांना गर्दी होऊ लागली होती, पण लोक व्याख्यान ऐकत नव्हते. ते ग्रुपकडे पाहत आणि हळूच विचारत, "मास्तर, आता कोण?"

ऑक्टोबरात युगोस्लाव्हियाचे राजे फ्रान्सच्या बंदरात उतरले आणि मोटारीत बसले. शेजारी फ्रान्सचे तेच परराष्ट्रमंत्री. दोघेही त्याच दिवशी गेले. तिसरी आणि चौथी खुर्ची. मी त्यांना शेजारी बसवले ते त्यांच्या माना एकमेकांकडे वळलेल्या होत्या म्हणून. दुसरे कारण नव्हते, हे मी येथे नमूद करते. मामांचे म्हणणे पडले की चौथ्या खुर्चीत राजांचा अकरा वर्षांचा मुलगा बसव, तोच आता राजा आहे. मामी स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "परक्याचं असलं तरी लेकरू आहे ते. तिथं बसवलंस तर मी या घरात जेवणार नाही." म्हणून चौथ्या खुर्चीत कुंडी ठेवली. तिसरीसाठी मात्र, दिवाळीतले व्याख्यान तोंडावर आले असता, योग्य बाजूने उजेड पडलेला एकही सत्ताधीश सापडेना. मामा म्हणाले, "माझा निरोपाच्या वेळचा फोटो आहे की. अध्यक्ष म्हणून मीच बसतो." उजेड बरोबर होता, मान बरोबर होती, दोन्ही हात काठीवर होते. मी त्यांना बसवले. मामा इतके खूष झाले की त्यांनी मला हुशार म्हटले. तू त्यांची मुलगी आहेस, तेव्हा ही गोष्ट किती वेळा घडते ते तुला माहीत आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मामीने समई चौकटीखाली ठेवली. वात पेटली, खालून उजेड पडला, आणि युरोपच्या रांगेत बसलेल्या मामांच्या कपाळी कुंकू दिसले. कोणीही लावलेले नव्हते. मामी खालीच बसली. मी लगेच उलगडा केला : काच तीच आहे, मी फक्त आतली बाजू पुसते, बेल्जमच्या राजांना मामीने लावलेले तेलकट बोट बाहेरून तसेच राहिले आहे, खालून उजेड पडल्याखेरीज ते दिसत नाही, आणि डोके त्याच जागी येते. बिनतोड उलगडा होता. मामांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारले, "म्हणजे तो फ्रेंच मंत्री फेब्रुवारीपासून हेच कुंकू लावून बसला होता?" मी हो म्हटले. तो खरेपणा त्या वेळी केला नसता तर चालले असते असे बाबांचे मत आहे.

मी सर्वांसमोर काचेची बाहेरची बाजू पुसली. कुंकू गेले. कुंकू होते तोवर सर्वांचे लक्ष वर होते, आता ते खाली आले, आणि मामी म्हणाली, "प्रभा, काठीवर दोन हात आहेत ना? मग खुर्चीवरचा हा कोणाचा?"

याचाही उलगडा आहे. राजांचा वेगळा चिकटवलेला हात मी फेब्रुवारीत सोलून काढला, पण खाली त्या आकाराची खळ राहिली. खळ जुनी झाली की पिवळी पडते. आपल्या डोळ्याला तेवढा पिवळेपणा कळत नाही. फोटोची काच मात्र पिवळ्याला आंधळी असते, तिला तेथे काळे दिसते. म्हणून काळसर हात. मी ती जागा खरवडली, रंगवली, नवी प्रत केली. हात पुन्हा आला, पूर्वीपेक्षा थोडा वर. ओली खळ पसरते, हे खरे आहे. ती मामांच्या खांद्याकडे का पसरली आणि दुसरीकडे का नाही, एवढेच मला अजून सांगता आलेले नाही.

तेव्हापासून मामा भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. शेळीच्या दुधाखेरीज काही घेत नाहीत. मी म्हटले, तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकते. ते ओरडले, "खबरदार! तू ज्याला कापून काढलंस तो मेलेला होता!" मी म्हटले, मग राहू देते. "राहू दे म्हणजे? त्या खुर्चीनं दोघं खाल्ले!" ठेवताही येत नाही, काढताही येत नाही. इकडे नव्या पेठेत बातमी पसरली आहे. सातांतली तिसरी खुर्ची कोणती हे गिऱ्हाइकांना माहीत नसल्याने ती एकाही खुर्चीवर बसत नाहीत. हल्ली आमच्याकडे नवरानवरी, आजोबा, सत्काराचे मानकरी, सर्वजण उभे राहतात. (आम्हाला मात्र ती कोणती हे माहीत आहे. बाबांनी ती पडद्यामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. झाडणारी बनाबाई म्हणते की ती रोज वळते. फरशी उताराची आहे.)

परवा वळसंगचा हरिबा धनगर मामांकडे दूध घेऊन आला असता उंबऱ्यात बसून त्याने सगळे ऐकून घेतले. मग मला म्हणाला, "ताई, त्या खुर्चीवर खरंच कुनी बसलं हुतं का कवा?" मी म्हटले नाही, सगळे नंतर चिकटवले. "मंग बरुबर हाय की. मेंढरू आपल्या पायानं वाड्यात आलं, तर आपल्या पायानं भाईर जातंय. तुमी समदी कापून आनून बसिवली. कापून बसिवलेलं उटंल कसं?" अंथरुणावरून मामांची मान दिवाळीनंतर प्रथमच वळली. हरिबाचे म्हणणे असे की कोणीतरी जिवंत माणसाने त्या खुर्चीत बसावे, फोटो काढून घ्यावा, आणि मास्तरांच्या डोळ्यांदेखत उठून चालू लागावे. मग तो फोटो तिसऱ्या खुर्चीत आला की मास्तर मोकळे. मामांनी हे ताबडतोब मान्य केले. मी त्यास विचारले, तूच बसतोस का? "मी? आन माजी मेंढरं कोन बगंल?"

माझा यातल्या कशावरही विश्वास नाही. मी तुला केवळ हकीकत कळवते आहे, कारण बाहेरून कानावर गेली तर ती वाढून जाईल. येण्याची घाई करू नकोस. भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी आतेबहीण,
प्रभा

ता. क. काल डॉक्टरांनी मामांचा हात नेहमीपेक्षा बराच वेळ धरून ठेवला आणि जिन्यात मला म्हणाले, "नाडी उतरत चालली आहे. याला औषध माझ्याकडे नाही. या माणसानं स्वतःच उठायला हवं." मामा तुझे नाव घेत नाहीत. पण जिन्यात बांगड्या वाजल्या की भिंतीकडचे तोंड फिरवून पाहतात, आणि मी किंवा मामी दिसलो की पुन्हा फिरवतात.

ता. क. दुसरे. त्या खुर्चीत मी बसायचे ठरवले आहे. मामी बसायला निघाली होती. मामांनी तिला शपथ घातली. दुसरे कोणी तयार नाही आणि माझा विश्वास नसल्याने मला काही अडचण नाही. अडचण एकच : मी बसले तर कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबणार कोण? बाबांनी साफ सांगितले की पोटच्या मुलीवर आपण तो दाबणार नाही. तू लहानपणी सुट्टीत तो दाबायचीस. तुझा हात स्थिर असे. मामांना मी म्हटले, मालतीताईने दाबला तर? ते म्हणाले, "ती आली तर खुर्चीत बसवून न्या मला खाली. मला पाहायचंय." मग बहुधा 'खुर्चीत' हा शब्द आठवून म्हणाले, "नको. चालत येईन." म्हणून, ताई, ये. वर घाई करू नकोस असे लिहिले आहे ते खोडायचे राहिले.

ता. क. शेवटचे. स्टेशनवरून सरळ स्टुडिओतच ये, मी सर्व मांडून ठेवीन. तू आल्यावर काच भरायला मला अंधारखोलीत जावे लागेल. तेवढा वेळ तू एकटी असशील. प्रवासाने कितीही दमली असलीस तरी त्या खुर्चीवर बसू नकोस.